बाई ओरडत नाहीत, अशी तक्रार आहे

खरं तर हे बाहेर सांगायचं नाही असं आत्यानं बजावलंय, आणि मी तशी चारचौघांत तोंड उघडणारी मुलगीच नाही, पण तुम्हाला म्हणून सांगते... आमच्या आत्याचा मोटार शिकवायचा क्लास आहे. गाडी एक, शिकवणारी आत्या एक, आणि माझं काम काय, तर शाळा सुटली की मागच्या सीटवर मोबाइल घेऊन बसायचं आणि आपल्या क्लासबद्दल कोण काय लिहितंय ते बघायचं. खूश किती, नाराज किती, काठावर किती. (काठावरचे आत्या नाराजांतच धरते. म्हणते, काठावरचे शेवटी पडतातच.) गाडी सिग्नलला थांबली, की पहिला प्रश्न, "लोक काय म्हणतायत?"

आता लोक काय म्हणणार? "शिकवतात उत्तम, पण ओरडतात." "क्लच जरा लवकर सोडला, तर सात पिढ्यांचा उद्धार झाला." एकानं तर नुसतं "कान" लिहून पुढे रडका चेहरा टाकलेला. मी हळूच वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, "मी? मी ओरडते?" शेजारच्या ट्रकवाल्यानं काच वर केली.

हसताय, पण महिनाभर नवीन माणूस फिरकला नव्हता हो. मी आत्याकडेच वाढले. माझी शाळा, माझा चष्मा, सगळं त्या एका गाडीच्या जिवावर. आणि एकदा जेवताना ती म्हणाली, "असंच चाललं तर विकून टाकू." मी वाढून घेतलेली दुसरी पोळी परत डब्यात ठेवली.

मग तिनं ठरवलं, गोड बोलायचं. दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर शिकायला येणारे एक बँकेतले काका, समोर बंद फाटक, आणि आत्या मधाळ आवाजात, "अहो, सोयीचं असेल तर... ब्रेक दाबता का?" काका म्हणाले, "दाबतो की," आणि तिच्याकडे वळून छान हसले. तिच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, पण ती बिचारी हसण्याला उत्तर देण्यात गुंतलेली. फाटक काही हसलं नाही.

मला वाटलं, संपलं. संध्याकाळी नेहमीचा प्रश्न आला, "लोक काय म्हणतायत?" पण इतक्या बारीक आवाजात, की मीच दचकले. काकांनी लिहिलेलं, "बाई ओरडल्या असत्या तर फाटक वाचलं असतं." आणि खाली जुन्या विद्यार्थ्यांची ही रांग. एका नर्सनं लिहिलेलं, "समोर आजोबा अचानक आडवे आले. कानात बाईंचा आवाज घुमला, पाय आपोआप ब्रेकवर पडला. आजोबा आपल्या पायांनी घरी गेले." आत्या म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. ती बराच वेळ चष्मा पुसत राहिली. त्यातल्या एकाही माणसाला मी ओळखत नाही, पण जन्मभर ऋणी आहे मी त्यांची.

आता शिकायला रांग लागते. पण लोक काय म्हणतायत माहितीये? कालच एका बाईंनी लिहिलंय, "आठवडा झाला, माझ्यावर एकदाही ओरडल्या नाहीत. शेजारणीवर रोज ओरडतात. हा पक्षपात आहे." सांगा, हिला खुशीत धरू की नाराजांत? आणि इथं आम्हाला ओरडा घरबसल्या, न मागता, रोज—

"अगं ए मागच्या सीटवाले, गाडी काय रात्रभर चालू ठेवू?"

ऐकलंत? त्या बाई असत्या तर पाच तारे देऊन गेल्या असत्या, आणि मी आपली... आले, आत्या, आले, मी फक्त यांना—