नको म्हटलं तरी

केशोराव : बाई, आधी आवाज खाली करा. मी या नाक्यावर वेळ लिहिणारा माणूस आहे, मॅजिस्ट्रेट नाही.

देवकाबाई : आवाज कायले खाली करू? चोरी केली का मी? नाल्यात या परगावच्या पोराची फसलेली फटफटी आठ जनांनी मिळून वर काढली, अन् तुमी म्हनता गुन्हा झाला!

केशोराव : गुन्हा म्हणालो नाही. बाद म्हणालो. हा खुशाल स्पर्धेतून बाद.

देवकाबाई : केलं आमी अन् बाद हा? हा कोनता न्याय होय गा?

खुशाल : माय, तू जा आता घरी. झालं ते झालं. खेल खतम.

देवकाबाई : तू चूप राय. तुझ्यासंगं मागून बोलीन. आधी या साहेबाले बोलू दे.

केशोराव : हे बघा, ही काही गावची शंकरपटातली बैलांची दौड नाही. सहा दिवस चालते. विलायतेहून गडी आलेत, आपले फौजेतले आलेत. नागपूरहून एकेचाळीस निघाले. आज पाचवा दिवस, अन् उरले सतरा. जंगल, नाले, गिट्टी, रेती, सगळं एकट्यानं पार करायचं. गाडी बिघडली तर आपल्या हातानं नीट करायची, फसली तर आपल्या हातानं काढायची. दुसऱ्याचा हात लागला की संपलं.

देवकाबाई : हे कोनतं खेळनं? मानूस चिखलात फसला अन् बाकीचे धुऱ्यावर उभे राहून मजा पाहातीन? आमच्या इथं कोनाचं ढोर फसलं तरी धानाचा रोवना सोडून धावतेत सगरे. मंग त्या ढोराचा मालक बोलचाल ठेवत असो का नसो.

केशोराव : तुमच्या गावात धावतात. पण नियमात...

देवकाबाई : कोनाचा नियम? आधी नागपूरचा कायदा होता. दोन सालापासून मुंबईचा आला. आता हा विलायतेचा निघाला! नाला आमचा, चिखल आमचा, मग आमचं काही चालते का नाही इथं?

खुशाल : अरे, पन मी सांगत होतो ना! दहा खेपा सांगतलं. नको, हात नका लावू, सोडा. हात जोडले मी तुमच्यासमोर. ऐकतच नाही कोनी! तो तुझा दाढीवाला...

देवकाबाई : सेवकराम. माझा दीर होय तो.

खुशाल : त्यानं मलेच उचलून बाजूले ठेवलं! धानाच्या पोत्यासारखं! म्हने, "तू थकला गा, बस जराक." मी उठून पोहोचतो पोहोचतो, तवरिक गाडी बाहेर. एकदम खलास!

देवकाबाई : नको म्हटलं म्हनून काय झालं? जेवतानी पाव्हना नको नको म्हनते, म्हनून काय आपन वाढत नाही? जो नाही म्हनते त्यालेच एक वाढी जास्त टाकाव लागते. आमाले वाटलं, भल्या घरचा पोरगा हाये, लाजून राहिला.

केशोराव : आणि तो इंग्रज? तो त्याच नाल्यात अर्धा तास रुतला होता. त्याला का नाही काढलं तुम्ही?

देवकाबाई : तो लाल तोंडाचा? त्याच्या जवर कोन जाते, बापा! काय काय ओरडत होता. वाटलं, मारन. हा आपल्या बोलीत बोलला. "नको, माय" म्हनला. माय म्हनला म्हनून त मी लुगडं खोचून पान्यात उतरली.

खुशाल : म्हनजे शिव्या दिल्या असत्या त वाचलो असतो!

देवकाबाई : हो, द्यायच्या होत्या! मोठा आला सज्जन! आता मले एक सांग. नाला तिकडे, हे साहेब इकडे, मधात या बोडीची, तलावाची एवढी पाळ. इथून तिकडचं काही दिसते का? काही नाही दिसत. मंग साहेबाले सांगतलं कोनं?

केशोराव : त्यानंच सांगितलं.

देवकाबाई : काय?

केशोराव : नाक्याच्या या दोरीजवळ येऊन थांबला, डोक्यावरचा टोप काढला आणि म्हणाला, "साहेब, माझी गाडी आठ लोकांनी उचलली." मी विचारलंही नव्हतं.

देवकाबाई : तू? तूच? अरे बैताडा! आमी आठही जनं गळ्याची आन घेऊन चूप राहिलो असतो. आमच्या गावातून आवाज बाहेर गेला नसता! तुले काय खाजून राहिलं होतं?

खुशाल : सही कराव लागते, माय. रोज, एकेका नाक्यावर. कार्डावर लिहून राहाते, बाहेरची मदत घेतली नाही. त्याच्याखाली माझं नाव. पाच दिवस केली सही, खरी होती म्हनून केली. आज खोटी कशी करू?

देवकाबाई : एक सही!

खुशाल : एकच. पन माझी होय ना? फौजेत मी साहा साल फटफटीवर डाक नेली, इटलीच्या डोंगरातही, डोक्यावरून गोळे जाऊन राहिले तरी. एक लिफाफा फोडून पाहिला नाही. ही गाडी मी फौजेच्या भंगारातून आनली. दोन साल लागले तिले उभी करायले. गोंदियात सगरे हसत होते, म्हने नागर हाकनाऱ्याचा टुरा चालला विलायतवाल्याशी भिडायले! मले फक्त साहा दिवस पुरे करायचे होते, माय. आपल्या हातानं. एक दिवस उरला होता. आता रडू येऊन राहिलं मले, अन् तुमच्यावर चिडू त चिडू कसा, तेही समजून नाही राहिलं.

देवकाबाई : चीड न! चीड माझ्यावर! पन असा उभा नको राहू गा मान खाली घालून. ... ओ साहेब.

केशोराव : काय?

देवकाबाई : कागदावर लिहिलं का तुमी?

केशोराव : अजून नाही. त्याची वेळ अकरा बेचाळीसची आहे. आता अकरा दहा झालेत. लवकर आलेल्यानं दोरीच्या त्या बाजूला थांबायचं आणि आपल्या मिनिटाला आत यायचं. आत आला की कार्ड घेणार, आणि लिहिणार.

देवकाबाई : म्हनजे हा अजून आतच नाही आला? दोरीच्या तिकडेच हाये?

केशोराव : तिकडेच आहे.

देवकाबाई : मंग रडून कायले राहिले सगरे! जिथून काढली तिथंच नेऊन टाकू न फटफटी. आमी केलेलं आमी मोडतो. मंग याची यानं काढावी.

केशोराव : परत चिखलात टाकायची?

देवकाबाई : त अजून कुठं?

केशोराव : बाई, असं कुठं असतं का! नियमांच्या पुस्तकात असं काहीच नाही.

देवकाबाई : करू नये असं हाये का? वाचा. मले वाचता नाही येत, तुमाले येते. वाचा मोठ्यानं.

केशोराव : थांबा... हं. "बाहेरची मदत घेऊन नाका ओलांडणारा स्पर्धक बाद होईल." पुढे इंजिनाचं आहे, पेट्रोलचं आहे... परत जाऊ नये, असं लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसेल की कोणी बाहेर निघालेली गाडी पुन्हा चिखलात घालेल.

देवकाबाई : झालं त मंग! ए सेवकराम! चला रे सगरे, उचला फटफटी...

केशोराव : हात लावू नका!

खुशाल : अरे, हात नका लावू!

देवकाबाई : टाकायलेही नाही?

केशोराव : टाकायलाही नाही! तीही मदतच झाली. अन् तुम्ही तर त्याच्या मागेही जायचं नाही. इथं पाळीवर उभ्या राहा, माझ्या डोळ्यांसमोर.

खुशाल : साहेब, मी जाऊ? तुमची हरकत नाही ना?

केशोराव : माझी हरकत! संध्याकाळी कमिटी मलाच सोलून काढणार आहे. जा. पण जिथं रुतली होती, तिथंच. काठाकाठानं घालून फसवू नकोस.

खुशाल : चाकाचा खड्डा अजून तसाच असन तिथं. त्यातच टाकतो.

(खुशाल गाडी वळवून नाल्याकडे जातो. बाकीचे गावकरी नाल्याच्या काठावर जाऊन उभे राहतात. देवकाबाई बोडीच्या पाळीवर चढते. केशोराव दोरीजवळ, हातात घड्याळ.)

केशोराव : दिसतंय का?

देवकाबाई : सगरं दिसते. तुमीही या न वर.

केशोराव : मला दोरी सोडता येत नाही. सांगा तुम्ही.

देवकाबाई : मजा हाये तुमची! फसनारा दुसरा, काढनारा दुसरा, अन् तुमी घड्याळ धरून सावलीत. जिंदगीत उतरले का कधी चिखलात?

केशोराव : तीस वर्षं सडकेचा ओव्हरसिअर होतो, बाई. उतरणारे दुसरे होते, हे खरं आहे. आता सांगा ना, काय करतोय?

देवकाबाई : घातली. माय वं, आखा चाक गेला आत! मघा एवढी नव्हती गेली. ... उतरला. मागून लोटून राहिला. ... नाही हलत. ... पडला! तोंडावर पडला, साहेब!

केशोराव : उठला का?

देवकाबाई : उठला. ए सेवकराम! मागं सर! तुलेच सांगून राहिली! हात मागं बांध! सगऱ्यांनी हात मागं बांधा, कोनी पुढं पाय टाकला त माझ्याशी गाठ हाये! ... पाहा, लोकायले कसं करून ठेवलं तुमी. आमची धुरपता पदर तोंडात घालून रडून राहिली. असं उभं राहून पाहाचं! पाप होय हे, साहेब, पाप. माझे स्वतःचे पाय थांबून नाही राहिले.

केशोराव : चाकाखाली काही घालायला पाहिजे. पळसाच्या फांद्या तोडून...

देवकाबाई : सांगू त्याले? ए खुशा...

केशोराव : नको, नको! सांगू नका! सांगणं हीसुद्धा मदतच! मी बोललोच नाही. तुम्ही ऐकलं नाही.

देवकाबाई : आता कसं! तुमालेही राहवलं नाही न?

केशोराव : अकरा एकोणतीस झाले.

देवकाबाई : त्याले अक्कल हाये. कोट काढला अंगातला. चाकाखाली खुपसून राहिला. ... अंगरखाही काढला. ... चालू केली फटफटी. चिखल उडून राहिला नुसता. ... हालली! साहेब, हालली! ... निघाली! एकट्यानं काढली! पाहून घ्या, कोनाचा हात नाही लागला!

केशोराव : अकरा सदतीस. येऊ दे, येऊ दे लवकर.

देवकाबाई : बंद पडली.

केशोराव : काय?

देवकाबाई : बंद पडली न फटफटी. लाता मारून राहिला, चालू नाही होत. ... ढकलत आनून राहिला आता. पाय घसरते त्याचा. साहेब, घड्याळ थांबवा जराक.

केशोराव : घड्याळ माझ्या बापाचं नाही, बाई.

देवकाबाई : एवढी मोठी पाळ चढाची हाये त्याले! ... चाल, पोरा, चाल. ... हे बोललेलं चालते का?

केशोराव : चालतं. ओरडा. जोरात ओरडा.

देवकाबाई : चाल, खुशाल! आला, आला रे! चढला! सोडा बाजू, कोनी जवर नका जाऊ त्याच्या!

केशोराव : ये, ये. दोरी टाकली खाली. ये आत. ... बस. अकरा सेहेचाळीस.

खुशाल : किती गेले, साहेब?

केशोराव : चार मिनिटं उशीर. चार गुण गेले. एकही गुण न गमावणाऱ्याला मिळतो तो सोन्याचा बिल्ला गेला, खुशाल.

देवकाबाई : चार मिनिटं! छोट्या लायनीची गाडी चार चार घंटे उशिरा येते, तिले कोनी काही म्हनत नाही. अन् या लेकराचे चार मिनिटं मोजता!

केशोराव : मोजावीच लागतात. पण तो बाद नाही, बाई. तो आहे अजून.

खुशाल : मदतीच्या रकान्यात काय लिहून राहिले?

केशोराव : "नाही" लिहितोय. आणि खाली सगळं लिहितोय. गावकऱ्यांनी न मागता गाडी काढली, यानं येऊन स्वतः सांगितलं, परत जाऊन त्याच जागेवरून एकट्यानं काढली. कमिटीला काय करायचं ते करू दे. विचारलं तर मी उभा राहून सांगेन.

खुशाल : बस, साहेब. आना इकडे, सही करतो. एका हातानं होते.

देवकाबाई :  पानी त देऊ का आता? का त्यालेही तुमच्या पुस्तकात मनाई हाये?

केशोराव : पाण्याला मनाई नाही. द्या.

देवकाबाई : घे गा. धर गडवा.

खुशाल : कसा धरू, माय? गाडीचा टेका तुटला नाल्यात. सोडली त आडवी होते, अन् पुन्हा उचलायची ताकद नाही राहिली.

केशोराव : आणि तुम्ही गाडी धरायची नाही, बाई. अजिबात नाही.

देवकाबाई : कोन धरून राहिलं तुमची गाडी? सरका तिकडे. ... तोंड वर कर, पोरा. आ कर.