छबूची बांगडी

जाहेदा : बोटं आवळून धर, छबू... शाब्बास! सुंदरमाय, मागच्या बाजाराला हिला हेच माप सैल होतं की. आज बांगडी चढता चढंना.

सुंदरबाई : नात अंग धरायलीय माझी! दृष्ट लावू नको, बांगडीवाले. हिचं झालं, की माझ्या सुनंला हिरवा चुडा भर. पोटुशी हाय ती.

जाहेदा : थांबा. बांगडीनं खड्डा पडला बघा, भरतच न्हाई. पावलावर दाबते... हितं बी तसंच.

शिवकन्या : मी कवाची म्हणतेय, आत्याबाई. माझ्या लेकीचे केस तांबूस झालेत. खेळत न्हाई, रडत बी न्हाई. बसवली तिथं बसून ऱ्हाती.

सुंदरबाई : गुणाची हाय म्हणून.

जाहेदा : ही सूज हाय, माय. मोठ्या दुष्काळात पाटोद्याला अशी लेकरं लई बघितली. खायला काय देता?

शिवकन्या : मला दिवस गेले, तसं अंगावरचं तोडलं. तवापासून ज्वारीच्या कण्या. पोटभर देते, बाई.

जाहेदा : आन् डाळ?

सुंदरबाई : नातू होईस्तोवर चुलीवर डाळ चढणार न्हाई, असं योगेश्वरीला बोललेय मी. घरात कुणीच खात न्हाई.

जाहेदा : दूध तरी?

शिवकन्या : गाय आटलीय.

जाहेदा : माझ्या कोंबडीचं अंडं आणून देते.

सुंदरबाई : माळकऱ्याच्या घरात? जीभ कशी रेटली तुझी!

जाहेदा : बरं, ऱ्हायलं. पर पाटोद्याचे हकीमसाहेब म्हणायचे, ज्वारीनं पोट भरतं. अंगात मांस धरायला जे लागतं, ते समदं तिच्यात न्हाई. उरलेलं डाळीतून येतं. ज्या लेकरांना उशिरा मिळालं, ती... जाऊ द्या. आजच मुगाचं पाणी पाजा, माय. सूज उतरंल. पोर वाळली म्हणून घाबरू नका. बांगडी हातातून निसटली, की समजा वाचली.

शिवकन्या : आत्याबाई, पाया पडते तुमच्या.

सुंदरबाई : आन् नवस मोडून पोटातल्याला काही झालं तर? पुनव होऊ दे. देवीला कौल लावते, मग शिजवू.

(पुनवेनंतरचा बाजाराचा दिवस. सुंदरबाईच्या घराचा ओटा.)

जाहेदा : वरणाचा वास आला अन् जीव भांड्यात पडला बघा! छबू कुठंय? सैल झाली का बांगडी?

सुंदरबाई : फोडावी लागली.

जाहेदा : कावून?

सुंदरबाई : पुनवेच्या आधीच गेली. मातीला नेताना निघंना.

जाहेदा : या अल्ला... मग ही डाळ?

सुंदरबाई : शिवकन्येसाठी. कौल न्हाई लावला मी. कालपासून शिजवून म्होरं ठेवतेय, तर तोंड उघडंना ती. तू सांग, पोरी. तुझं ऐकंल.