सायलीचा तुर्की दिवा

अगं, गाझियाबादच्या फ्लॅटवर मी आणि सायली एकत्र राहायचो ना, तेव्हाचं सांगते. माझ्या ऑफिसातला अनिकेत मला आवडायचा, आणि तुर्कस्तानातून त्यानं रंगीत काचांचा दिवा आणला तो सायलीसाठी! माझा नुसता जळफळाट. तेवढ्यात तुर्कस्ताननं पाकिस्तानची बाजू घेतली, आणि तुर्की मालावर बहिष्काराची लाट आली. मी लगेच म्हणाले, "यार, हा दिवा आता घरात बरा नाही दिसत."

"बिल्कुल," म्हणत सायलीनं तो खोक्यात भरला. मला केवढं गार वाटलं!

रविवारी बेल वाजली. दारात अनिकेत. दिवा दिसेना, तसं सायलीनं कारण सांगितलं.

"देशासाठी माझं गिफ्टसुद्धा काढलंस? सायली, लग्न करशील माझ्याशी?"

लग्नाआधी फ्लॅट सोडताना तिनं ते खोकं माझ्या हातात दिलं. "तूच ठेव गं. आम्ही तुर्की माल वापरत नाही."