डाग न पडणारा ओटा

न्हाई न्हाई, ती बाटली पिशवीतच ठेवा, दादा — सीलर बिलर काय नको. कळलं की मला, ते एकदा लावलं की दगड तेल पीत न्हाई, हळद शिरत न्हाई, दोन-तीन वर्सं बघायला नको — लय भारी आसंल, पर नको. फुकट लावताय? तरीबी नको. काल डाग वढून घ्यायला सोड्याचा लगदा थापलात, आज खरवडून काढलात, आता मागल्या बारीसारखं पॉलिशचं मिशन फिरवा आन् जावा. मिशन लागणार न्हाई? डाग गेला म्हणून? कुठं गेला — ह्ये बघा, शेगडीच्या कडंला, अजून दिसतोय की — नीट बघा, हाय.

सारखा सारखा कसा पडतोय म्हणताय? आवं, पांढरा ओटा, ह्यांनी मिल्ट्रीत कुठल्या सायबाच्या घरी बघितला आन् हितं आष्ट्यात आणून बसवला — तेल सांडतं, पुसायचं ऱ्हातं... ऱ्हात न्हाई. मीच वतते. फोडणीचं तेल, वर हळद, आन् दिसभर तसंच ठेवते. हसू नका. तुमचं मिशन लागलं की धूळ उडती, आवाज हुतोय, मग आमच्या आत्या, सासूबाई वो, शेजारच्या हरणाबाईंकडं जाऊन बसत्यात — तेवढंच. एरवी त्या दारात, मी आत, आन् माझा फोन त्यांच्या कपाटात. आता जरा परसात गेल्यात म्हणून बोलतेय. का म्हंजे? शिरवळच्या कंपनीत परत कामाला जाते म्हणलं म्हणून. लगीन ठरवताना जाऊ देतो म्हणालेले. आता हे म्हणत्यात, आई म्हणंल तसं कर.

मागल्या बारी तुमच्या फोनवरनं आईशी बोलले — तिला मिशनच्या आवाजात काय ऐकू येईना, ती आपली जेवलीस का, जेवलीस का — मी व्हय म्हणलं आन् फोन ठेवला. आज सांगणार हाय. सूरजला पाठव म्हणणार, भावाला माझ्या, न्यायला. जीव गुदमरतोय हितं, दादा. म्हणून म्हणते मिशन लावा, उगंच लावा, आन् फोन द्या — दोन मिनिटं —

आलासा व्हय? काय न्हाई आत्या. त्ये औषध लावू का विचारत्यात. परत डाग पडणार न्हाई म्हणं. व्हय, कवाच न्हाई. फुकट.

लावा, दादा. आत्या लावा म्हणत्यात. शेगडी सरकवते — खालीबी लावा.