गृहतारा कंपनीची मालकीण

आता हे पाहा, सकाळी चहा घेतला तेव्हा माझ्यापाशी अख्खा कॉम्प्युटर होता, अन् दुपारी वरणाले फोडणी दिली तोवर नुसता त्याचा टीव्ही उरला. चोरी नाही झाली. दार लावलेलं होतं, सून घरात होती. भाव उतरला. शेअरचा भाव. ज्या घरात कॉम्प्युटर कधी आलाच नाही त्या घरातून तो रोज थोडा थोडा जाते, असं तुम्ही कुठं पाहिलं? मी पाहिलं. वर्षभर पाहून राहिली. अन् वरून तो पोट्टा मले म्हणते, ‘थोडा रुक जाओ, काकी.’

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी चळली.

आपलं रायपूर राजधानी झालं ना, तेव्हा चौबे कॉलनीत आमच्या शेजारी विनोदिनी राहायले आली. नवरा नव्या राज्याच्या मोठ्या ऑफिसात, माणसं पुण्याकडची, बोलणं असं की जसे निवडलेले तांदूळ, एक खडा सापडणार नाही. चांगली आहे पोट्टी, मी वाईट नाही म्हणत. पण तिच्या घरी कॉम्प्युटर आला. अन् काय त्याचा थाट... त्याले वेगळी खोली, खोलीले पडदा, अंगावर झालरीचा झगा, अन् दाराशी चपला काढा. आमच्या देवाले इतकं नाही मिळालं. आमचा देव बिचारा गावाबाहेरच्या उरला भागातल्या कारखान्यांची धूळ खात बसला आहे, कधी झगा मागितला नाही त्यानं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाले मी तिच्याकडे गेली. सगळ्या बायका त्या खोलीत, जसं काही बाळंतिणीले पाहायले आल्या. विनोदिनीनं झगा वर केला. मी आपलं बोट पुढं केलं. एक बोट हो, त्या एबीसीडीच्या पाटीवर, जिले ते कीबोर्ड म्हणतात तिच्यावर, नुसतं ठेवून पाहावं म्हणून. तर म्हणते कशी, ‘अहो आजी, हात नका ना लावू, बिघडेल तो.’

बिघडेल? माझ्या हातानं? तुम्हाले सांगते, मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. किराण्याच्या पुड्या सोडायची अन् कागद वाचायची, असं वाचायले शिकली. सायकल शिकली ती आमचे हे रेल्वेच्या ड्युटीवर गेले की, क्वार्टरच्या मागं, त्यांच्याच सायकलवर. शिलाई मशीन एकदा पुरती उघडून परत बसवली, एक स्क्रू हातात उरला, तरी मशीन चालली, अजून चालते. कोणी शिकवलं? कोणीच नाही. अन् ही मले म्हणते बिघडेल.

मंग मी तिथंच, तीळगूळ तोंडात असताना, सगळ्यांसमोर सांगून टाकलं, ‘पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण मी माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर छापीन. अन् माझ्या घरी ज्याले हात लावायचा त्यानं लावावा.’

झालं. आता शब्द गेला. आमच्या कॉलनीत शब्द गेला म्हणजे संध्याकाळच्या आत पुरानी बस्तीच्या देवळापर्यंत पोचते, तिथली पुजारीण मले विचारते, ‘काहो, तुम्ही कॉम्प्युटर घेऊन राहिल्या म्हणे?’

पैसे होते माझ्यापाशी. शिलाईचे, माझे. सून म्हणजे अर्चना, ती म्हणाली, ‘आई, त्यात कूलर येईल.’ तिचं बरोबर आहे, रायपूरचा उन्हाळा आहे तो, मे महिन्यात भिंतीले पाठ लावली की पोळी भाजल्यासारखी उलटायले लागते. पण मी म्हटलं, ‘अर्चना, घामानं कोणाची इज्जत जात नाही.’ अन् पैसे पदरात बांधून निघाली मालवीय रोडले, भैय्यालालच्या दुकानात, गृहतारा कंपनीचा घरगुती कॉम्प्युटर घ्यायले.

दुकान तिथं समोर. मी इथं. मधे फक्त रस्ता. अन् तेवढ्यात मागून आवाज, ‘अरे काकी, धूप में कहाँ?’

निरंजन. आमच्या ह्यांच्या रेल्वेतल्या दोस्ताचा पोरगा, शेअरबाजाराची दलाली करते, त्याच रस्त्यावर वरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस. मराठी पोट्टा, मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देईन, जसा काही मराठीवर टॅक्स लागते. मी सांगितलं, कॉम्प्युटर घ्यायले चालली. तर हसला. ‘काकी, कॉम्प्यूटर क्या लेना, कंपनी ले लो ना.’

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणजे असं की, गृहताराचे शेअर घ्या. राजधानी झाली आहे, आता घरोघरी कॉम्प्युटर लागणार, कंपनीचा भाव चढणार, चढला की थोडे शेअर विकायचे, त्यात कॉम्प्युटर येईल, उरलेल्यात कूलर येईल, अन् तरी शेअर उरतील. ‘कॉम्प्यूटर तो मुफ्त में पड़ेगा, काकी. और आप ग्राहक नहीं, मालकिन.’

आता तुम्हीच सांगा. एकीकडे गिऱ्हाईक, एकीकडे मालकीण. अन् त्या पोरीनं मले हात लावू दिला नव्हता. तुम्ही काय झाल्या असत्या?

मी मालकीण झाली. रस्ता ओलांडलाच नाही.

तेव्हापासून हे सुरू झालं. रोज सकाळी पेपरात भाव पाहायचा, दुपारी निरंजनले विचारायचा. अक्षर असं की मुंगीनं लिहिलं असावं, मी भिंग घेऊन बसते. अन् रुपयात मोजायचं मी सोडून दिलं, रुपयात काही समजत नाही. मी वस्तूंत मोजते. आज माझ्यापाशी टीव्ही आहे अन् खालचा डबा आहे. आज डबा गेला. आज डबा परत आला, पण उंदीर गेला, तो माउस म्हणतात तो. अर्चना विचारायची, ‘आई, आज काय आहे?’ मी म्हणायची, ‘उंदीर सोडून सगळं.’ ती म्हणायची, ‘म्हणजे कूलर झाला असता.’

भाव काहून उतरते, ते तरी कळावं ना? निरंजनले विचारलं तर कधी म्हणते अमेरिकेत कोणी काही बोललं, कधी म्हणते मुंबईत पाणी भरलं. मी म्हटलं, अरे पाणी मुंबईत भरलं, माझा उंदीर रायपुरात काहून बुडते? तर म्हणते, ‘मार्केट है काकी. थोडा रुक जाओ.’ अन् भाव चढला की? तेव्हा तरी विकू देशील? ‘अभी और चढ़ेगा. थोडा रुक जाओ.’ उतरला की रुको, चढला की रुको. बावा, मंग हलायचं कधी?

एक दिवस मले राग आला. म्हटलं, मालकीण आहो ना मी, आपल्या कंपनीचा माल तरी पाहून यावं. गेली भैय्यालालच्या दुकानात. भैय्यालाल इथला, छत्तीसगढी माणूस, माया भारी. ‘बइठ दाई, पानी पी.’ मी म्हटलं, पाणी नको. मी मालकीण आहो ह्या कंपनीची. मले वाटलं आता हा उठून उभा राहील. तर तो हसून म्हणते, ‘मालिक मन त रोज आथें दाई, गिराहिक नइ आवय.’ म्हणे मालक रोज येतात, गिऱ्हाईक येत नाही.

मले वाटलं गंमत करून राहिला. मी हसली. तेव्हा हसायले नव्हतं पाहिजे.

पण त्यानं मले हात लावू दिला. ‘छू ले दाई, का होही?’ लाइट गेली होती, टीव्ही काळाठिक्कर, तरी मी कीबोर्डवर बोट ठेवलं अन् दाबलं. टक्. बस, इतकंच. पण असा आवाज, जसा शिलाई मशीनचा पहिला टाका पडते. घरी येऊन मी अर्चनाले काहीच सांगितलं नाही. काय सांगणार, टक् झालं म्हणून?

मंग आली दिवाळी. अन् काय सांगू, भाव चढला. टीव्ही आला, डबा आला, उंदीर आला, छापायचं मशीन आलं, वर अर्धा कूलर. लक्ष्मीपूजनाले मी शेअरचे कागद पाटावर मांडले. आता लक्ष्मी घरात आली आहे, तिले कोरडं ठेवायचं का? मी तिले हळद लावली, कुंकू लावलं, बोटानं छान स्वस्तिक काढलं, प्रत्येक कागदावर, कोणाले कमीजास्त नाही. अक्षता टाकल्या. एका कागदावर पेढाही ठेवला, तो तुपाचा होता.

अन् भाऊबीज झाल्यावर निरंजनले म्हटलं, आता रुकणार नाही, विक. तोही म्हणाला, ‘हाँ काकी, अब बेच देते हैं.’ पहिल्यांदा त्या पोट्ट्याच्या तोंडून विकायचं नाव निघालं. मी कागद त्याच्या हातात दिले. त्यानं पाहिले. मंग माझ्याकडे पाहिलं. मंग पुन्हा कागदांकडे.

‘काकी, ये क्या किया आपने?’

म्हटलं, पूजा केली.

ते कागद मुंबईले गेले अन् परत आले. काहून? तर खराब आहेत म्हणे. नाव वाचता येत नाही, नंबर वाचता येत नाही, एकावर तेलकट डाग. अरे, लक्ष्मीच्या कुंकवाले तुम्ही डाग म्हणता? तुमच्या मुंबईत पूजा नाही करत का कोणी? मी तर म्हटलं, मले फोन लावून दे, मालकीण बोलून राहिली म्हणून सांग त्यायले. निरंजन काही फोन लावेना. नवीन कागद मागवायचे म्हणे, अर्ज करायचा, वेळ लागते. किती? ‘थोडा रुक जाओ, काकी.’

कागद येईपर्यंत अर्धा कूलर गेला, छापायचं मशीन गेलं, उंदीर गेला. अन् संक्रांत आली. यंदाचं हळदीकुंकू माझ्या घरी, सगळ्यांसमोर सांगितलेलं. आमंत्रण कशानं लिहिलं? हातानं. निळ्या पेनानं. विनोदिनी फक्त गोड हसून म्हणाली, ‘आजी, अक्षर किती सुरेख आहे हो तुमचं.’ असं वाटलं तिच्या हातावर वाणाच्या जागी तो तुपाचा पेढा ठेवावा.

दुसऱ्या दिवशी मी तरातरा निरंजनच्या ऑफिसात गेली. भरलं होतं ऑफिस. उरल्याच्या रोलिंग मिलमधला देवीदास रात्रपाळी करून तसाच आलेला, डोळे लाल. एक मास्तर, एक किराण्यावाला, दोन रिटायर. सगळे भिंतीवरच्या भावाच्या पाटीकडे पाहून राहिले, जशी गाडी यायची आहे. कोणापाशी काय, तर गृहतारा. सगळ्यांपाशी गृहतारा.

तेव्हा मले भैय्यालाल आठवला.

मी मधोमध उभी राहिली अन् विचारलं, ‘मले एक सांगा. तुमच्यापैकी कोणाच्या घरी गृहताराचा कॉम्प्युटर आहे?’

मास्तर चष्मा पुसायले लागला.

‘देवीदास, तुझ्या घरी?’

‘नाही जी. तेच पैसे तर इथं टाकले.’

‘निरंजन, तुझ्या?’

पोट्ट्यानं मान खाली घातली. त्याच्या टेबलावर कॉम्प्युटर होता, तो दुसऱ्याच कंपनीचा.

अरे, मंग भाव चढन कसा? सगळे मालक झाले, गिऱ्हाईक कोण होईन? दुकान समोर आहे, रस्ता ओलांडून कोणी जाऊन नाही राहिलं, सगळे ह्या बाजूले उभे राहून पाहून राहिले की त्या बाजूले कोण जाते. त्यात मीही. सगळ्यात पुढं मी. कंपनी अमेरिकेनं नाही बुडवली, मुंबईच्या पाण्यानं नाही. मी बुडवली, मालकिणीनं. एक गिऱ्हाईक आलं होतं तिच्याकडे पदरात पैसे बांधून, ते तिनंच पळवलं.

म्हटलं, आत्ता विक. आत्ताच्या आत्ता. तो म्हणाला, ‘काकी, थोडा...’ मी नुसतं पाहिलं त्याच्याकडे. पुढचे दोन शब्द त्यानं गिळले. मी सोबत आणलेले नवीन कागद त्याच्या हातात दिले. तुम्हाले सांगते, ते मी कपाटात ठेवले होते, देवाच्या नजरेसही पडू दिले नव्हते.

आलेले पैसे घेतले अन् रस्ता ओलांडला. भैय्यालालनं हिशेब केला, डोकं खाजवलं. टीव्ही येत नव्हता. डबा येत नव्हता. ‘दाई, एमा कीबोर्ड भर आही.’ फक्त कीबोर्ड येते.

म्हटलं, बांध.

अन् आता ऐका. आठवडा नाही झाला, निरंजन धावत घरी. घामाघूम. ‘काकी, भाव चढ़ गया, एकदम ऊपर!’ काहून चढला? तर कंपनीनं जाहीर केलं, आम्ही आता घरगुती कॉम्प्युटर बनवणं बंद करून राहिलो. तोटा थांबला म्हणून बाजार खुश झाला म्हणे. कॉम्प्युटर बनवत होते तेव्हा भाव उतरे, नाही बनवत म्हटल्यावर चढला. ‘थोडा रुकना था ना, काकी.’

मी त्याले पाणी दिलं. अर्चनानं पुठ्ठ्यानं वारा घातला, कूलर तर आमच्याकडे नाही.

तर आता असं आहे. खिडकीशी टेबल आहे, टेबलावर कीबोर्ड आहे. त्याची वायर खाली लोंबते, कशालेच लागलेली नाही. मी रोज दुपारी बसते. कोणतं अक्षर कोणत्या बोटाखाली, सगळं पाठ झालं, आता पाहावंही लागत नाही. टक टक टक टक. काय लिहिलं ते दिसत नाही, पण चूकही दिसत नाही, हा त्यातला फायदा. शिलाईतून उरलेल्या कापडाचा झगा शिवला आहे त्याले, झालर विनोदिनीच्यापेक्षा दोन बोटं रुंद.

काल विनोदिनी आली. मी दाराशी चपला काढायले लावल्या. तिनं झगा उचलला, वायर पाहिली, टेबलाखाली वाकून पाहिलं, मागं पाहिलं. चांगली पोट्टी आहे, हसली नाही. म्हणाली, ‘आजी, आणि कॉम्प्युटर कधी येणार हो?’ अन् असं म्हणत बोट पुढं केलं. एक बोट, नुसतं ठेवून पाहायले.

मी म्हटलं होतं ना, माझ्या घरी ज्याले हात लावायचा त्यानं लावावा? शब्द आहे माझा. लावू दिला. टक्.

मंग झगा नीट सारखा केला अन् तिले सांगितलं, ‘थोडा रुक जाओ.’