एका क्रियापदाचा क्लास

हसू नका, पण धुळ्यात माझा इंग्रजीचा क्लास एका क्रियापदानं बुडवला. समोरच्या माडीवर माझ्याच मित्रानं, विलासनं, क्लास काढला आणि महिनाभर फक्त ‘गेट’ शिकवलं. उठायचं तरी गेट, बसमध्ये चढायचं तरी गेट, लग्न करायचं तरी गेट, समजलं तरी गेट! मी इकडे बारा काळ घासतोय आणि माझी पोरं तिकडे. सोनगीरहून येणारा एक जण तर जाताना तोंडावर म्हणाला, “सर, एकच शब्द शे, पन बठ्ठा कामे करस.” म्हणजे सगळी कामं तो एकटाच करतो!

एका संध्याकाळी मी चोरपावलांनी ती माडी चढलो. आत हशा चालला होता. वाजू नयेत म्हणून चपला दाराशी काढल्या आणि कान लावणार, तोच शेजारच्या जोडावर नजर गेली. दिवाळीला मीच बायकोला घेतलेल्या चपला! तसाच अनवाणी पळालो.

तासाभरानं बायको घरी आली. हातात माझ्या चपला. त्या माझ्यापुढे ठेवत म्हणाली, “अहो, बाहेर कशाला उभे राहता? विलासभाऊ म्हणाले, उद्यापासून आत येऊन बसा. मास्तरांना फी माफ.”