येळवशीची दवंडी

कोंडीराम : तसं न्हाय, अप्पा. तुमी साहेब व्हा. म्या म्याच राहतो.

बंडप्पा : अरे, आडतीचं दुकान हे. भर दुपारी मला सोंग आणायला लावतोस?

कोंडीराम : आत्ता कोण येतंय दुकानात? उद्या चावडीत तहसीलदारासमोर उभं ऱ्हायचंय. माझी जीभ टाळूला चिकटती. मागच्या बारीला नाव इचारलं, तर म्या बापाचं सांगितलं.

पार्वतम्मा : अन् बापाचं विचारल्यावर गप बसलास. आमच्या घरात चूल पेटायच्या आत ती बातमी आली होती.

कोंडीराम : हसा अक्का, तुमी पण हसा. पण अप्पांना सांगा. एकदा घोकून घेतलं, की उद्या अडखळणार न्हाय.

पार्वतम्मा : करा की हो. महिना झाला, घरात कुणाशी धड बोलत नाहीत. पूजेला बसलं की तळहातावरचं लिंग तसंच धरून बसतात, पाणी वाळून जातं. साहेब होऊन तरी तोंड उघडा.

बंडप्पा : बरं. झालो साहेब. ऊठ, हात जोड.

साहेब : नाव?

कोंडीराम : कोंडीराम.

साहेब : बापाचं?

कोंडीराम : बब्रुवान. बघा, आलं.

साहेब : नव्या पेठेचा नकाशा तयार आहे. वेशीच्या उत्तरेला चाळीस हात रुंद रस्ता. दोन्ही अंगाला दुकानं, मागं धान्याचा बाजार, पुढं शाळा. तुझी हरकत काय?

कोंडीराम : त्या रस्त्यात माझी तीन एकर जाती, हुजूर. तेवढीच हाय. नुसती काळी. कोरड्या साली बी जवारी पिकती.

साहेब : मग गावानं वाढायचं नाही? बाजारच्या दिवशी गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर एकीचे बैल सोडून गाडी मागं ढकलावी लागते. मागल्या साथीत मढं न्यायला वाट नव्हती.

कोंडीराम : वाढू द्या की. म्या न्हाय म्हणत न्हाय. दक्षिणेचा माळ मोकळा हाय, तिथं कुसळ बी उगवत न्हाय. तिथं पेठ बसवा.

साहेब : माळावर कुणाचं काही नाही?

कोंडीराम : हाय, अप्पा. तुमची वखार हाय, कडब्याचा अड्डा हाय. म्हणून उद्या माळाचं नाव म्या काढणार न्हाय.

बंडप्पा : काढ की. गावकमिटीच्या मागच्या बैठकीत सगळं बोलून झालंय.

कोंडीराम : झालंय खरं. ईरण्णा म्हणला, माळावर पाया पक्का लागंल. रेवणप्पा म्हणला, तिथं पाणी न्हाय, व्यापारी काय खडक चाटतील? दोन घटका नुसता कालवा. तुमी एकटेच खाली मान घालून बसला होता. मला लई बरं वाटलं. दुसरा असता तर वखारीसाठी भांडला असता.

पार्वतम्मा : ताक घे, कोंडीराम.

कोंडीराम : ठिवा, अक्का. साहेब, पुढचं इचारा. अवघड तेच ऱ्हायलंय.

साहेब : हरकत द्यायची मुदत दवंडीपासून पंधरा दिवस. ती संपली. तू उशिरा का आलास?

कोंडीराम : हुजूर, दवंडी आमी ऐकलीच न्हाय. दवंडी पिटली येळवशीला. मार्गशीर्षातल्या त्या अवसेला आमच्या गावात चिटपाखरू नसतंय. घराला कडी घालून बायकापोरांसकट सगळी रानात. कडब्याची खोप करायची, पाच दगडांचे पांडव मांडायचे, शेंगभाज्यांची भज्जी अन् ताकाची अंबील खायाची अन् दिवस बुडता माघारी यायचं. गावात ऱ्हायली एकटी हरणाबाई. कंबर मोडलीय तिची, उठता येत न्हाय. तिनं सांगितलं, कुणीतरी हलगी वाजवत गेलं. आमी म्हटलं, म्हातारीला भास झाला. नऊ घरांची जमीन गेल्यावर कळलं, भास न्हवता.

साहेब : चांगलं बोललास. पण कागदावर दोन पंचांच्या सह्या आहेत. दवंडी भर दुपारी वेशीत, लोकांच्या समक्ष पिटली, असं लिहिलंय.

कोंडीराम : भर दुपारी, वेशीत?

साहेब : हं.

कोंडीराम : हे तुमाला कसं ठावं, अप्पा? कागद उर्दूत. कारकुनानं मला लांबनं दाखवला अन् उलटा केला.

बंडप्पा : सगळ्या दवंडीच्या कागदांवर तसंच लिहितात. ठरलेली भाषा असते.

कोंडीराम : असंल. म्या अंगठेबहाद्दर, मला काय. पण पंच कोण ते कळलं पायजे. गावात माणूसच न्हवतं, तर ह्यांनी ऐकली कशी? अन् तिथंच तुमी माझ्या कामाला येता. आता म्या साहेब, तुमी माझे गवाह. उठा.

बंडप्पा : मला सरावाची गरज नाही.

कोंडीराम : मला हाय. तुमी काय सांगणार ते एकदा कानावर पडू द्या. आज रातीला झोप तरी लागंल.

पार्वतम्मा : उठा. त्याला गादीवर बसू द्या. साहेब जमिनीवर बसून विचारत नाही.

(कोंडीराम गादीच्या कडेला टेकतो. बंडप्पा तराजूजवळ उभा राहतो.)

साहेब : नाव सांगा.

गवाह : बंडप्पा महालिंगप्पा.

साहेब : काय करता?

गवाह : आडत. गावकमिटीचा मेंबर आहे.

पार्वतम्मा : गळ्यातल्या लिंगावर हात ठेवा. उद्या ठेवायला लावतील.

गवाह : हे खेळातलं आहे.

साहेब : ऱ्हाऊ द्या, अक्का. अप्पांना शपथ कशाला? तर, बंडप्पा, येळवशीच्या दुपारी तुमी कुठं होता?

गवाह : कोंडीरामच्या शेतात.

साहेब : तिथं कसे?

गवाह : जेवायला. दर साली बोलावतो. ह्या साली पण घरी येऊन सांगून गेला.

साहेब : कवा आला, कवा गेला?

गवाह : दिवस डोक्यावर यायच्या आत आलो. खोपीची सावली लांब झाल्यावर उठलो.

साहेब : मधी गावात गेला होता?

गवाह : नाही.

कोंडीराम : बास. झालं, अप्पा. एवढंच बोला. कमिटीचा मेंबरच सांगतोय की दुपारी तो बी रानात होता, मग वेशीत कोण असणार? पंच खोटे ठरले की दवंडी खोटी, अन् मुदत नव्यानं सुरू. नऊ घरं तुमचं नाव घेतील.

पार्वतम्मा : अजून एक विचार त्यांना.

कोंडीराम : काय इचारू?

पार्वतम्मा : मला काय ठाऊक? मला पण कुणी सांगितलेलं नाही. पण गादीवर तू आहेस. विचार, दवंडीला येळवशीचा दिवस कुणी काढला.

कोंडीराम : ते अप्पांना कसं ठावं असंल?

पार्वतम्मा : विचार तर.

साहेब : बंडप्पा, येळवशीला दवंडी पिटायची, असं कुणी ठरवलं?

गवाह : कारकून दुकानात आला होता. नवा माणूस, हैदराबादकडचा. म्हणाला, बाजारच्या दिवशी पिटली तर गोंधळ होईल, दुसरा दिवस सुचवा. मी म्हणालो, परवा पिटा. परवा गाव शांत असतं.

साहेब : त्याला येळवस ठावी होती?

गवाह : नाही.

साहेब : तुमाला?

बंडप्पा : मला कशी नसेल, कोंडीराम?

साहेब : म्या कोंडीराम न्हाय. साहेब हाय. सही कुणाची?

बंडप्पा : एक माझी.

साहेब : दवंडी ऐकून केली?

बंडप्पा : आदल्या संध्याकाळी केली. कागद आधीच तयार होता. सकाळी आंघोळ-पूजा केली अन् तुझ्या शेताकडं निघालो.

साहेब : माझ्या न्हाय. कोंडीरामच्या.

बंडप्पा : कोंडीरामच्या.

साहेब : हलगी वाजत होती तवा तुमी काय करत होता?

बंडप्पा : जेवत होतो. वारा गावाकडून होता. कोंडीरामनं मान वर केली. म्हणाला, अप्पा, हलगी वाजती का हो? मी म्हणालो, कुणाच्यातरी रानात देवाचं चाललं असेल. तो म्हणाला, असंल. त्याच्या बायकोनं, धुरपदानं, मला आणखी अंबील वाढली. मी प्यालो.

पार्वतम्मा : शिवा, शिवा.

कोंडीराम : आठवतंय मला. म्या इचारलं होतं.

बंडप्पा : विचारलं होतंस.

कोंडीराम : पळत आलो असतो तर घटकाभराची वाट. हलगीवाला वेशीतच गावला असता.

बंडप्पा : गावला असता.

पार्वतम्मा : वखारीसाठी केलंत?

बंडप्पा : पेठ पाहिजे, हे मी खरंच मानतो. गल्लीत गाव गुदमरतंय. मनाला तेच सांगत होतो, की गावासाठी करतोय. पण पेठ माळावर पण झाली असती. मी दोन्ही नकाशे पाहिले होते. म्हणजे वखारीसाठीच.

कोंडीराम : अन् बैठकीत मान खाली घातली, ती म्या काय समजलो.

बंडप्पा : मघाशी तू ते बोललास, तेव्हा मला उठून जावंसं वाटलं. दुकान माझं, जाणार कुठं?

कोंडीराम : हे उद्या बोललात तर तुमाला धरतील. खोटी सही केली म्हणून.

बंडप्पा : धरतील. कमिटीतून काढतील. वखार पण जाईल.

पार्वतम्मा : जाऊ द्या.

बंडप्पा : कोंडीराम, आता बोललो तसंच उद्या सांगतो. शब्द न बदलता. तू फक्त मला पुकार.

कोंडीराम : पुकारतो. दुसरं कोण हाय मला?

बंडप्पा : माझ्यावर भरवसा नाही तुझा.

कोंडीराम : मला सांगायला तुमाला महिना लागला, अप्पा. साहेब एकदाच इचारतोय.